अध्यापकांचे परिचयपान : ते कोणासाठी व कसे लिहावे

दहावी-बारावीचे निकाल लागले, की सावदा, फैजपूर, रावेर, यावल या पट्ट्यातील पालक आपल्या मुलामुलींना पुढे कोठे घालावे याची विचारपूस करू लागतात, आणि ती विचारपूस पुष्कळदा गावच्या प्राथमिक शाळेतील गुरुजींपाशी येऊन थांबते. ज्यांनी मुलाला मुळाक्षरे शिकविली त्यांना पुढचेही ठाऊक असेल, असा पालकांचा विश्वास असतो. पूर्वी गुरुजी आपल्या ओळखीतील एखाद्या महाविद्यालयीन अध्यापकाचे नाव सांगत व सोबत चिठ्ठी देत. आता ते मोबाईल उघडतात, विद्यापीठाचे अथवा महाविद्यालयाचे संकेतस्थळ पाहतात, आणि तेथे अध्यापकांच्या नावांखाली जे काही लिहिलेले असेल त्याच्या आधारे पालकाला चार गोष्टी सांगण्याचा प्रयत्न करतात. तेथे सांगण्यासारखे काही लिहिलेले नसेल, तर पालक आला तसा परत जातो.

संस्थेच्या संकेतस्थळावर एकेका अध्यापकाच्या किंवा कर्मचाऱ्याच्या नावाने जे स्वतंत्र पान असते, त्यास या लेखात परिचयपान म्हटले आहे. नाव, पद, विभाग, शैक्षणिक अर्हता, शिकविण्याचे विषय, संशोधन व संपर्काची सोय एवढाच त्यातील मजकूर. काम किरकोळ वाटते. पण ते नीट झालेले क्वचितच आढळते. याचे मुख्य कारण असे, की बहुतेक पाने लिहिणाऱ्याच्या सोयीने लिहिलेली असतात. लिहिणारा आपली पदोन्नतीची नस्ती समोर ठेवून तीच पानावर उतरवितो. वाचणारा मात्र एक प्रश्न घेऊन आलेला असतो : माझे काम या माणसाकडे आहे काय, आणि असेल तर त्याला कसे गाठावे? या प्रश्नाचे उत्तर ज्या पानावर मिळते ते पान चांगले, मग त्यावर मजकूर पाच ओळींचा का असेना.

सावद्याचेच उदाहरण घेता येईल. सावदा, निंभोरा व रावेर या स्थानकांवरून केळीच्या वाघिणी उत्तरेकडे जात आल्या आहेत. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. अशा या भागात अलीकडच्या वर्षांत कुकुंबर मोझॅक या विषाणूरोगाने, ज्यास शेतकरी ‘सीएमव्ही’ असेच म्हणतात, अनेकांना उभी रोपे उपटून टाकावी लागली. एखाद्या केळी उत्पादकाच्या मुलाने अशा वेळी जाणकार कोण हे शोधावयाचे ठरविले, तर त्याला वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकाच्या पानावर इंग्रजीत साठ शोधनिबंधांची यादी आढळते. त्या यादीत केळीचा निबंध कितव्या क्रमांकावर दडला आहे, हे त्याला कसे कळावे? त्याच पानाच्या शिरोभागी ‘केळीवरील विषाणूरोगांचा अभ्यास’ अशी एक मराठी ओळ असती तर त्याचे काम झाले असते. आणि अध्यापकाचा विषय तो नसेल, तर तेही पानावरून चटकन कळावयास हवे. ‘विद्यापीठ’ म्हटले की गावात सारी विद्यापीठे एकच समजली जातात. केळी संशोधन केंद्र जळगावात आहे खरे, पण ते राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे. जळगावच्या विद्यापीठाचे नव्हे. हा भेद ज्याला ठाऊक नाही त्याचा एक दिवस तापी ओलांडून भुसावळ, तेथून जळगाव, आणि पुढे गिरणेच्या काठी बांभोरीपर्यंत जाण्यात व हात हलवीत परतण्यात खर्ची पडतो. एसटीचे भाडे आणि बुडालेला रोज यांचा हिशेब मनात धरला, तर त्या एका ओळीची किंमत ध्यानी येईल.

परिचयपान हा संकेतस्थळाला मागाहून जोडलेला अलंकार नव्हे. स्वित्झर्लंड व फ्रान्सच्या सीमेवर ‘सर्न’ नावाची भौतिकशास्त्राची मोठी प्रयोगशाळा आहे. तेथील टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ च्या मार्चमध्ये, परस्परांना जोडलेल्या पानांची एक योजना आपल्या वरिष्ठांपुढे मांडली आणि १९९० च्या अखेरीस ती चालूही करून दाखविली. आज ज्यास ‘वेब’ म्हणतात ते हेच. परंतु प्रयोगशाळेतील लोकांना आरंभी तिचे विशेष अगत्य वाटले नाही. त्यांनी ती वापरावयास घेतली ती एका अगदी व्यवहारी कारणासाठी : सर्नमधील माणसांची दूरध्वनी-सूची तिच्यावर ठेवण्यात आली. तोवर ही सूची मध्यवर्ती मोठ्या संगणकात होती, आणि एखाद्या सहकाऱ्याचा क्रमांक पाहावयाचा तरी त्या संगणकाशी खटपट करावी लागे. पुष्कळांनी तर केवळ तेवढ्यासाठी एक पडदा कायमचा उघडा ठेवलेला असे. थोडक्यात, जगातील या पहिल्या संकेतस्थळाचा पहिला लोकप्रिय उपयोग म्हणजे ‘कोण माणूस कोठे भेटेल’ हे सांगणे, हाच होता.

त्याही आधी हे काम छापील पुस्तके करीत. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, आणि त्याची ‘कॅलेंडर’ म्हणून ओळखली जाणारी जाडजूड वार्षिके निघत. महाविद्यालये आपल्या माहितीपत्रकात अध्यापकांची नावे पदव्यांसह छापीत. ही पुस्तके ग्रंथालयात किंवा कचेरीत असत. खेड्यातील पालकाच्या हाती ती येण्याचा संभव नव्हता. संकेतस्थळाने तो संभव निर्माण केला, एवढाच काय तो फरक. मात्र तो लहान नाही.

कायद्याचेही या बाबतीत काही म्हणणे आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम ४ अन्वये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने कोणी मागण्याची वाट न पाहता काही माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावयाची असते. अधिकारी व कर्मचारी यांची सूची ही त्यांपैकी एक बाब होय. ही माहिती दरवर्षी अद्ययावत करावी, आणि ती प्रसृत करताना स्थानिक भाषेचा विचार व्हावा, असेही त्याच कलमात म्हटले आहे. शासकीय विद्यापीठ हे जसे सार्वजनिक प्राधिकरण, तशीच जिल्हा परिषदही. त्यामुळे हा विषय केवळ विद्यापीठांचा असे समजून प्राथमिक शिक्षकांना बाजूस राहता येणार नाही. उच्च शिक्षणसंस्थांनी आपल्या संकेतस्थळावर किमान कोणती माहिती ठेवावी, याविषयी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४ च्या जानेवारीत मार्गदर्शक सूचना काढल्या असून, अध्यापकवर्गाची माहिती त्यांत अंतर्भूत आहे. कायद्याने सूची मागितली आहे. पान उपयुक्त असावे असे मात्र कोणताही कायदा सांगू शकत नाही. ते काम लिहिणाऱ्याचेच.

आता ही पाने तयार कशी होतात ते पाहू. ज्यांनी शाळेचे जनरल रजिस्टर ठेवले आहे त्यांना हे समजण्यास क्षणभरही लागणार नाही. मूल दाखल झाले, की त्याचे नाव, जन्मदिनांक, पालकांचे नाव इत्यादी नोंद रजिस्टरात एकदाच होते आणि तिला एक क्रमांक मिळतो. पुढे हजेरीपट असो, गुणपत्रक असो वा शाळा सोडल्याचा दाखला असो, सर्व ठिकाणी तीच नोंद उतरते. दाखल्यात चूक आढळली तर दाखला खोडून भागत नाही. रजिस्टरातील मूळ नोंद पाहावी लागते. सुव्यवस्थित संकेतस्थळाची रचना अशीच असते. अध्यापकाची माहिती एका तक्त्यात एकदाच भरली जाते, आणि विभागाची यादी, पीएच. डी. मार्गदर्शकांची यादी, शोधपेटीत येणारे उत्तर व स्वतः परिचयपान ही सर्व त्या एका नोंदीतून आपोआप तयार होतात. उलट, जेथे प्रत्येक पान कोणीतरी स्वतंत्रपणे टंकलिखित केलेले असते, तेथे एकच गृहस्थ विभागाच्या यादीत सहायक प्राध्यापक, मार्गदर्शकांच्या यादीत सहयोगी प्राध्यापक, आणि समितीच्या पानावर विभागप्रमुख असे एकाच वेळी तीन अवतारांत नांदताना दिसतात. वाचणाऱ्याने कोणते खरे मानावे?

नोंदीत सर्वांत अवघड रकाना कोणता असे विचारले, तर ‘नाव’ हाच होय. खानदेशात पाटील, चौधरी, महाजन ही आडनावे गावोगाव आहेत. ‘एस. बी. पाटील’ एवढेच लिहिले तर एकाच महाविद्यालयात दोघे-तिघे निघतील. म्हणून स्वतःचे नाव, वडिलांचे अथवा पतीचे नाव व आडनाव ही तिन्ही पूर्ण लिहावीत. आद्याक्षरांवर भागवू नये. रोमन लिपीत तर आणखी गोंधळ. ‘चौधरी’ हे नाव कोणी ‘सीएच’नंतर ‘ए-यू’ घालून लिहितो, कोणी ‘ओ-यू’. शेवटी कोणी ‘आय’ लिहितो, कोणी ‘वाय’. गावाच्या नावाचेही तेच : ‘सावदा’ लिहिताना ‘व’साठी कोणी ‘व्ही’ वापरतो, कोणी ‘डब्ल्यू’, आणि मधला ‘अ’ लिहावा की गाळावा यावर एकमत नाही. माणूस या दोन्ही रूपांना एकच समजतो. यंत्र तसे समजेलच असे नाही. यावर उपाय साधा आहे. नोकरीच्या कागदपत्रांत जे रूप आहे तेच सर्वत्र ठेवावे, आणि देवनागरीतील नाव त्याच्या शेजारी अवश्य लिहावे.

स्त्री-अध्यापकांच्या बाबतीत याला एक वेगळेच अंग आहे. विवाहापूर्वी माहेरच्या नावाने पदवी घेतलेली असते, एखादा निबंध प्रसिद्ध झालेला असतो. विवाहानंतर नाव बदलते, आणि आधीचे काम जणू दुसऱ्याच कोणा व्यक्तीचे होऊन बसते. त्यांची इच्छा असल्यास दोन्ही नावे पानावर द्यावीत. हा त्यांच्या इच्छेचा प्रश्न आहे, कचेरीच्या सोयीचा नव्हे.

नावांचा हा घोळ जगभर असल्यामुळे संशोधकांना कायमचा क्रमांक देण्याची पद्धत निघाली. ‘ऑर्किड’ या नावाची अशी एक व्यवस्था ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरू झाली. तीत नोंद करणाऱ्यास चार-चारच्या चार गटांत मांडलेला सोळा अंकी क्रमांक विनामूल्य मिळतो. नाव बदलो, संस्था बदलो, क्रमांक तोच राहतो. भारतात गांधीनगर येथील ‘इन्फ्लिबनेट’ या केंद्राने ‘विद्वान’ नावाची तज्ज्ञांची सूची चालविली आहे. तीतही प्रत्येकास क्रमांक असतो. जनरल रजिस्टरचा क्रमांक शाळेपुरता, हे क्रमांक देशापुरते किंवा जगापुरते, इतकेच. अध्यापकाने हा क्रमांक आपल्या पानावर दिला, की साठ निबंधांची यादी तेथे ओतण्याचे कारण उरत नाही. ज्याला यादी हवी तो क्रमांकावरून ती पाहील. पानावर चार-पाच महत्त्वाची कामे, आणि प्रत्येकाविषयी ‘हे कशासंबंधी आहे’ अशी एक ओळ, एवढे पुरे.

अर्हतेच्या रकान्यात विद्यापीठाचे नाव लिहिताना आपल्या भागात विशेष काळजी घ्यावी लागते. जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय व अमळनेरचे प्रताप महाविद्यालय १९४५ साली निघाले, तेव्हा येथील विद्यार्थ्यांना मुंबई विद्यापीठाची पदवी मिळे. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाल्यावर ही महाविद्यालये त्याच्या कक्षेत गेली. फैजपूरचे धनाजी नाना महाविद्यालय १९६१ मध्ये निघाले तेही त्याच छत्राखाली. पुढे १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगाव, धुळे भागासाठी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले, आणि २०१८ साली त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. दरम्यान २०१४ मध्ये पुणे विद्यापीठाचेही सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ असे नामांतर झाले. आता १९८८ साली फैजपूरहून बी. एस्‌सी. झालेल्या गृहस्थांनी आपल्या पानावर काय लिहावे? पदवीपत्रावर जे नाव छापले आहे ते, म्हणजे ‘पुणे विद्यापीठ’, असेच लिहावे आणि सोबत वर्ष द्यावे. मागील तारखेला आजचे नाव चिकटविल्याने वाचणाऱ्याची दिशाभूल होते, आणि कागदपत्रे तपासणाऱ्याच्या मनात निष्कारण शंका येते.

येथे एक गोष्ट सहज आठवते. ज्यांचे नाव विद्यापीठाने धारण केले आहे त्या बहिणाबाई (१८८०–१९५१) निरक्षर होत्या. त्यांची गाणी त्यांचे पुत्र सोपानदेव व आप्त पितांबर चौधरी यांनी उतरवून घेतली म्हणून राहिली, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. आजच्या ठराविक नमुन्यात त्यांचे परिचयपान भरावयाचे झाले असते, तर अर्हतेचा रकाना कोराच राहिला असता आणि यंत्राने ‘माहिती अपूर्ण आहे’ म्हणून ते पान परत केले असते. ज्ञानाचा सारा विस्तार पदव्यांच्या रकान्यात मावत नाही. तेव्हा नमुना तयार करणाऱ्याने निदान एक रकाना मोकळा ठेवावा, जेथे माणसाला जे खरोखर येते ते त्याला आपल्या शब्दांत लिहिता येईल.

पदनामाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापक अशी तीन पदनामे रूढ केली. पूर्वीचे ‘अधिव्याख्याता’ व ‘प्रपाठक’ हे शब्द जुन्या पानांवर अजून दिसतात ते बदलावेत. गावाला सगळेच प्राध्यापक, पण पीएच. डी. करू इच्छिणाऱ्याला भेद कळणे जरूर असते, कारण २०२२ च्या विनियमांनुसार प्राध्यापकास एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकास सहा व सहायक प्राध्यापकास चार विद्यार्थ्यांनाच मार्गदर्शन करता येते. सध्या किती जागा रिकाम्या आहेत, ही एक ओळ अशा विद्यार्थ्याच्या कित्येक फेऱ्या वाचविते.

परंतु विद्यापीठात येणाऱ्या शंभरांतील बहुतेकांचे काम अध्यापकांकडे नसतेच. त्यांना पात्रता प्रमाणपत्र हवे असते, गुणपत्रकातील नावाची दुरुस्ती हवी असते, शिष्यवृत्तीचा अर्ज कोठे अडला ते पाहावयाचे असते. ही कामे कारकून, कक्ष अधिकारी, ग्रंथपाल, प्रयोगशाळा परिचर यांच्याकडे असतात. तरीही संकेतस्थळावर प्राध्यापकांची छायाचित्रे ठळक आणि कर्मचाऱ्यांची नावे एक तर नाहीतच, किंवा ‘शिक्षकेतर कर्मचारी’ अशा एका यादीत नुसती ओळीने दिलेली. ‘शिक्षकेतर’ या शब्दात माणूस काय नाही ते कळते, काय आहे ते कळत नाही. त्यापेक्षा ‘नावातील दुरुस्ती : परीक्षा विभाग, अमुक खोली, अमुक वेळेत’ अशी कामावरून मांडणी असेल तर ती दूरवरच्या माणसाच्या अधिक उपयोगी पडेल. कर्मचाऱ्याची बदली झाली तरी काम व खोली तीच राहते, हाही तिचा एक फायदा.

मराठी मजकुराविषयी एक तांत्रिक सूचना आवश्यक आहे. पुष्कळ जुना मराठी मजकूर अशा टंकांत तयार झालेला आहे, की ज्यांत पडद्यावर देवनागरी अक्षर दिसते पण संगणकाच्या लेखी ते रोमन अक्षरच असते. तो टंक ज्या संगणकावर नाही तेथे नावाच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात, आणि शोधपेटीत नाव घातले तर ते सापडत नाही. युनिकोड या पद्धतीत प्रत्येक अक्षराला स्वतःचा जागतिक क्रमांक आहे. देवनागरीला तो १९९१ पासूनच मिळालेला आहे. मोबाईलवर मराठी कळफलक घेऊन जे लिहिले जाते ते युनिकोडच असते, त्यामुळे शिक्षकांना यात नवे काही शिकावयाचे नाही. मात्र छापील यादीचे छायाचित्र काढून ते संकेतस्थळावर चढविणे म्हणजे माहिती देणे नव्हे. चित्रातील अक्षरे बहुधा शोधपेटीला सापडत नाहीत, आणि ज्यांना दिसत नाही व जे यंत्राकडून पान वाचून घेतात त्यांच्यापर्यंतही ती नीट पोहोचत नाहीत.

छायाचित्र असावे की नसावे? असावे, कारण चेहरा ओळखीचा झाला की खेड्यातील विद्यार्थ्याची भीड चेपते. पण ते साधे, समोरून घेतलेले आणि आकाराने लहान असावे. मोबाईलवर काढलेले छायाचित्र कित्येक मेगाबाइटचे असते. अशी वीस छायाचित्रे एका पानावर असली तर सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात ते पान उघडता उघडत नाही. शंभर किलोबाइटच्या आत ते आणावे. छायाचित्राच्या प्रश्नाला शिक्षकवर्गात एक कडवटपणा चिकटला आहे, तोही येथे लपविण्याचे कारण नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ‘आपले गुरुजी’ या नावाने शिक्षकांची छायाचित्रे वर्गात लावण्याची शासकीय सूचना निघाली. वर्गावर दुसराच कोणी शिकवितो, अशा आरोपांच्या पार्श्वभूमीवर ती आल्यामुळे अनेक शिक्षकांना तो आपल्यावरील अविश्वास वाटला, व ते स्वाभाविक होते. परिचय हा पहारा म्हणून मागितला तर तो देणाऱ्याला बोचतो. ज्या गावात गुरुजींचा चेहरा प्रत्येक मूल ओळखते तेथे नुसत्या छायाचित्राने नवे काही कळतही नाही. गुरुजींना काय येते, ते कोणत्या वेळी भेटतात, हे मात्र गावाला बहुधा ठाऊक नसते.

पानावर काय असू नये, याकडे लिहिणाऱ्याइतकेच मुख्याध्यापकांनीही लक्ष द्यावे. घरचा पत्ता, जन्मदिनांक, आधार व पॅन क्रमांक, सहीचा नमुना, सेवापुस्तकाच्या पानांचे छायाचित्र यांपैकी काहीही असू नये. फसवणूक करणाऱ्याला याहून अधिक काही लागत नाही. खासगी मोबाईल क्रमांक संबंधिताच्या लेखी संमतीशिवाय कदापि देऊ नये. शिक्षिकांच्या बाबतीत तर हा नियम अपवादाविना पाळावा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली स्वतंत्र कायदाही झाला आहे. संपर्कासाठी शाळेचा ई-मेल अथवा कचेरीचा दूरध्वनी आणि भेटण्याची वेळ पुरेशी असते. भेटण्याची वेळ लिहिली की क्रमांक लिहिण्याची गरज निम्म्याने कमी होते, हा अनुभव आहे.

आता प्राथमिक शाळेपुरते. शिक्षकांची माहिती शासनाकडे नाही असे नाही. ‘यू-डायस प्लस’ व ‘शालार्थ’ यांत ती भरता भरता शिक्षक थकून जातात. पण ती माहिती वरच्या कार्यालयांसाठी असते, गावासाठी नसते. गावासाठी एक कागद पुरे. शाळेचे संकेतस्थळ असल्यास त्यावर, नसल्यास दर्शनी फलकावर तो लावावा. बहुधा असे लिहिलेले आढळते : ‘नाव अमुक. शिक्षण एम. ए., बी. एड. सेवा १९ वर्षे. आवड वाचन.’ यात खोटे काही नाही, पण हे वाचून पालकाने काय करावे? त्याच शिक्षिकेविषयी पुढीलप्रमाणे लिहिता येईल : ‘इयत्ता दुसरी. पहिली-दुसरीच्या मुलांना वाचन शिकविण्याचा १९ वर्षांचा अनुभव. घरी लेवा गणबोली किंवा तडवी बोलणाऱ्या मुलांना त्यांच्या बोलीतून समजावून देतात. अक्षरे उलटी लिहिणाऱ्या किंवा वाचताना अडखळणाऱ्या मुलांच्या पालकांनी शनिवारी शाळा सुटल्यावर भेटावे.’ शब्द थोडे अधिक झाले खरे. पण ज्या आईचे मूल ‘म’ आणि ‘भ’ यांत घोटाळते, तिला आपण कोणाकडे जावे हे कळले.

बोलीचा उल्लेख वरील नमुन्यात मुद्दाम केला आहे. रावेर, यावल तालुक्यांत मराठीबरोबर लेवा गणबोली, तडवी व पावरी बोली कानी पडतात. उर्दू माध्यमाच्या शाळाही आहेत. कोणत्या शिक्षकाला कोणती बोली येते ही माहिती पदवीपेक्षा पहिलीच्या मुलाच्या अधिक कामाची असते, आणि तीच नेमकी कोणत्याही तक्त्यात मागितलेली नसते. तसेच शाळेतील पोषण आहार शिजविणाऱ्या ताई, त्यांचेही नाव कागदावर असावे. मुलाला एखादा पदार्थ सोसत नसेल तर आईला बोलावयाचे असते ते त्यांच्याशीच.

पान लिहून झाले म्हणजे काम संपत नाही. खरे तर पानाचे आयुष्य तेथून सुरू होते. शिक्षकांच्या बदल्या होतात, वर्ग बदलतात, कोणी निवृत्त होतो. दोन वर्षांपूर्वी बदलून गेलेल्या गुरुजींचे नाव फलकावर तसेच असेल, तर पालक बाकीच्या मजकुरावरही विश्वास ठेवीत नाही. म्हणून पानाच्या तळाशी ‘अद्ययावत दिनांक’ घालावा व त्याखाली तो कोणी तपासला त्याचे नाव असावे. वर्षातून दोन वेळा, म्हणजे जूनमध्ये शाळा उघडताना व दिवाळीच्या सुटीनंतर, मुख्याध्यापकांनी प्रत्येक शिक्षकाकडून आपापला मजकूर वाचून घ्यावा. दुसऱ्याने भरलेली माहिती स्वतः वाचल्याखेरीज प्रसिद्ध होऊ देऊ नये. चुका बहुधा तेथेच सापडतात.

निवृत्त अथवा दिवंगत अध्यापकांची पाने काढून टाकण्याची घाई अनेक संस्था करतात. जुन्या विद्यार्थ्यांनी, पुस्तकांनी, इतर संकेतस्थळांनी त्या पत्त्याचा उल्लेख केलेला असतो. पान काढले की ते सारे धागे तुटतात. बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच असा आग्रह धरला होता, की एकदा दिलेला पानाचा पत्ता बदलू नये. तेव्हा पान तेथेच ठेवावे, ‘सेवा अमुक वर्षापासून अमुक वर्षापर्यंत’ अशी नोंद करावी, संपर्काचा भाग काढावा, आणि त्या विषयासाठी आता कोणास भेटावे त्यांचे नाव तेथे जोडावे. शाळेच्या फलकावर एवढी जागा नसते. तेथे जुना कागद उतरवून, त्यावर दिनांक घालून, तो जनरल रजिस्टरच्या कपाटात वर्षवार लावून ठेवावा.